अभ्यासिकेच्या भिंतीतले एसी: प्रकल्प नोंदी, दादर, एप्रिल ते जुलै २०२५

१५ एप्रिल

जागा दादर पश्चिमेला, चौपाटीपासून पायी दहा मिनिटं. तळमजला अधिक तीन अशी इमारत, पहिल्या मजल्यावर अभ्यासिका आणि तिला लागून वाचनालय. मागणी सहा यंत्रांची, प्रत्येकी दीड टन. खिडक्या अडवायच्या नाहीत, उजेड जातो. म्हणून भिंतीत भोक पाडून बसवायची.

नावाचा घोळ आधी मिटवलेला बरा. अमेरिकेत भिंतीत बसवायचं यंत्र मुळातच वेगळं असतं. त्याच्या बाजूंना जाळ्या नसतात, बाहेरची हवा मागून आत येते आणि मागूनच बाहेर जाते, आणि पत्र्याची पेटी आधी भिंतीत कायमची बसवून मग यंत्र तिच्यात सरकवतात. आपल्याकडे दुकानात मिळतो तो विंडो एसी. त्याला दोन्ही बाजूंना जाळी असते. तिथून तो हवा ओढतो आणि कंडेन्सरमधून मागे फेकतो. ही जाळी भिंतीच्या जाडीत गाडली गेली की हवा कमी पडते, प्रेशर चढतं, करंट वाढतो आणि ऐन दुपारी कॉम्प्रेसर ओव्हरलोडवर बंद पडतो. मग ‘गॅस कमी झालाय’ म्हणून कुणीतरी गॅस भरतो आणि प्रकरण आणखी बिघडतं.

म्हणून पहिलं माप यंत्राचं, दुसरं भिंतीचं. निवडलेलं यंत्र: रुंदी ६६० मिमी, उंची ४३०, खोली ७२०, वजन ५६ किलो. बाजूची जाळी पुढच्या तोंडापासून ३४० मिमीवर सुरू होते. हा शेवटचा आकडा माहितीपत्रकात नव्हता, गोदामात जाऊन टेप लावून घेतला.

पश्चिमेची भिंत नऊ इंची, दोन्हीकडच्या प्लास्टरसकट २६२ मिमी. तोंड खोलीत ६० मिमी पुढे ठेवलं तर भिंत ३२२ वर संपते आणि जाळी १८ मिमी मोकळी राहते. जमलं. उत्तरेची भिंत मात्र इमारतीच्या जुन्या भागातली, चौदा इंची, चुन्यातली, प्लास्टरसकट ४०० मिमी. तिथे जाळी १२० मिमी आत गाडली जाते.

१७ एप्रिल

उत्तरेच्या भिंतीचा निर्णय. यंत्र आणखी बाहेर ढकलावं तर तोंड भिंतीच्या आत जातं, थंड हवा भोकाच्या कडांवर आपटून परत फिल्टरमध्ये शिरते, थर्मोस्टॅटला वाटतं खोली गार झाली. ते नको. त्याऐवजी बाहेरच्या बाजूने १२५ मिमी खोल, ११०० मिमी रुंद खाच घ्यायची, म्हणजे यंत्रापुरती भिंत २७५ मिमी उरते आणि जाळी ३३५ वर, पाच मिमी राखून, मोकळी होते. दोन्ही बाजूंना २२० मिमी हवा. खाचेची उंचीही यंत्रापेक्षा दीडशे मिमी जास्त.

ही भिंत भार घेणारी आहे, तेव्हा स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय छन्नी लावायची नाही. त्यांनी दोनपैकी एक जागा बाद केली: वरच्या लाकडी तुळईचं टेकण बरोब्बर तिथेच आहे. त्या जागी स्प्लिट एसी. म्हणजे भिंतीत पाच, स्प्लिट एक. क्रमांक: पश्चिमेला १ ते ४, उत्तरेला ५.

२२ एप्रिल

लिंटेल (भोकावरचा भार पेलणाऱ्या आडव्या काँक्रीटच्या पट्ट्या) ओतले, गच्चीवर. भोक ७१० बाय ४८० मिमी, दोन्हीकडे १५० मिमी टेकण, म्हणून लांबी १०१०. जागेवर ओतण्यापेक्षा तयार करून बसवणं सोयीचं, आणि तेही अर्ध्या जाडीचे दोन तुकडे. प्रत्येक तुकडा ११० मिमी रुंद, १५० मिमी उंच. खाली १० मिमीच्या दोन सळ्या, वर ८ च्या दोन, ६ मिमीच्या रिंगा दर १५० ला. माल १:१॥:३ (सिमेंट, वाळू, खडी). एका तुकड्याचं वजन ४२ किलोच्या आसपास, परांचीवर दोघांना उचलता येतं. नऊ इंची भिंतींसाठी आठ तुकडे, जाड भिंतीच्या आतल्या अंगाला दोन, आणि बाहेरच्या खाचेवर १४०० मिमीचा एक, तो ५८ किलोचा. प्रत्येकाच्या वरच्या अंगावर ओल्यातच खिळ्याने ‘वर’ असं कोरलं. उलटा बसला तर जाड सळ्या चुकीच्या बाजूला जातात आणि बाहेरून कळत नाही.

सिमेंट पीपीसी, म्हणजे मिश्र प्रकारचं आहे, तेव्हा पाणी दहा दिवस मारायचं, सात नव्हे. काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस ४५६ मध्येही मिश्र सिमेंटला दहा दिवसच सांगितलेत. गोणपाट ओलं राहिलं पाहिजे, गच्चीवर एप्रिलचं ऊन दोन तासांत सुकवतं.

२४ एप्रिल

वायरिंग. यंत्र चालताना साडेसात अँपिअर घेतं, सुरू होताना क्षणभर त्याच्या पाचपट. सगळ्यात लांबचं यंत्र बोर्डापासून २२ मीटरवर. अडीच एमएमच्या वायरवर चालू करंटला तीन व्होल्ट पडतात, ते चालतं. पण सुरू होताना पंधरा पडतात. संध्याकाळी विजेचा दाब आधीच कमी असतो, त्यात कॉम्प्रेसर गुरगुरून थांबतो. चार एमएम टाकली की हे पंधराचे नऊ होतात. सगळीकडे चार एमएम तांबं, अर्थिंग वेगळी ओढून, दर यंत्राला स्वतंत्र २० अँपिअर सी कर्व्हचा (क्षणिक झटका सोसणारा) एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच. बी कर्व्ह त्याहून लवकर पडतो. सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, करंट जमिनीकडे गळला की वीज तोडणारा. तीन फेजवर दोन-दोन यंत्रं वाटली.

सहा यंत्रांचे मिळून नऊ किलोवॉटच्या वर होतात. वीज पुरवणाऱ्या बेस्टकडे मंजूर भार वाढवण्याचा अर्ज आजच दिला. लोक यंत्रं बसवून मग अर्ज करतात आणि मधल्या काळात कटआउट जळत राहतो.

प्लगचा डबा यंत्राच्या बाजूला, वरच्या अंगाला. खाली कधीच नाही. कधी ना कधी पाणी खालीच येणार.

२८ एप्रिल

खरेदी. नागदेवीतून थ्रेडेड रॉड, नट, वॉशर, सगळं स्टेनलेस ३०४. दुकानदार नेहमीप्रमाणे पिवळी झिंक पुढे करतो. ती विजेने चढवलेली, जेमतेम काही मायक्रॉनची. समुद्राच्या वाऱ्यात एखाद-दुसरा पावसाळा. ब्रॅकेट ४० बाय ४० बाय ५ च्या अँगलचे, वेल्डिंग आणि भोकं आधी पूर्ण करून मग गरम जस्तात बुडवून आणायचे. आधी बुडवून मग भोक पाडलं तर गंज तिथूनच सुरू होतो. लोहार चाळीतून वायर, डबे, केबल ग्लँड (वायर डब्यात शिरते तिथली घट्ट बुचं).

५ मे

भोक क्र. १. आधी आतून चारही कोपऱ्यांत ८ मिमीचं बारीक भोक आरपार पाडून बाहेर खूण काढली. आतून आणि बाहेरून वेगवेगळं मोजलं की हमखास एक-दोन इंचांचा फरक येतो.

मग अर्धी-अर्धी भिंत. बाहेरच्या अंगाने लिंटेलपुरती, फक्त साडेचार इंच खोल खाच कापायची, तुकडा बसवायचा, वरच्या विटांशी असलेली फट न आकसणाऱ्या ग्राउटने ठासून भरायची. दोन दिवस थांबून आतल्या अंगाचा तुकडा. दोन्ही बसल्यावरच खालची भिंत काढायची. हे केलं की टेकू लागत नाही आणि वरच्या प्लास्टरला कर्णरेषेतली भेगही पडत नाही. ब्रेकर फक्त मधल्या भागाला. कडांना कटरने आखून छन्नी. ब्रेकरने कडा काढली की वीट आतपर्यंत हलते, आणि पुढे पाणी त्याच वाटेने येतं.

एका भोकाचा राडारोडा साधारण १७० किलो, सहा-सात गोणी.

८ मे

क्र. ३ ची जागा १४० मिमीने दक्षिणेला सरकवली, कडेला कॉलम लागला. क्र. ४ मध्ये जुना लोखंडी वायरिंगचा पाइप, रिकामा. कापून दोन्ही टोकं बंद केली. उघडं टोक म्हणजे भिंतीच्या पोटातली पन्हाळ.

१२ मे

क्र. ५, चुन्याची भिंत. इथे टेकू लावले, आतून दोन, बाहेरून परांचीला बांधून दोन. चुना हाताने निघतो, त्यामुळे काम हलकं वाटतं आणि तिथेच चूक होते: विटा सुटतात, भोक आखल्यापेक्षा दोन इंच मोठं होतं. सुटलेल्या विटा चुना-सिमेंटच्या मालात परत बसवल्या. नुसत्या सिमेंटचा कडक माल या भिंतीत धरत नाही, मऊ चुन्याच्या शेजारी तो वेगळा होऊन फटतो.

१४ मे

पत्र्याच्या पेट्या आल्या. सोळा गेज जीआय (जस्त चढवलेला पत्रा), आतून ६८० बाय ४५०, खोली २८०, म्हणजे भिंतीबाहेर १८ मिमी, जाळी सुरू होते तिथपर्यंतच. पाचपैकी दोन परत पाठवल्या: कर्णांत सहा मिमीचा फरक. तिरक्या पेटीत यंत्र शिरतं, पण एका कोपऱ्यात घासतं आणि ते घासणं रात्री अभ्यासिकेत दातात कण आल्यासारखं ऐकू येतं. बाकी तिन्हींचे वेल्डचे डाग घासून त्यांवर झिंकचा रंग, दोन हात.

मुंबईत जुनी रीत सागवानी चौकटीची. चौकट सुंदर दिसते, यंत्राचा कंपही पिते. पण खालची पट्टी कायम ओली राहते आणि पाच-सात वर्षांत तिचा भुगा होतो. पेटीला ती अडचण नाही. तिची अडचण वेगळी, ती पुढे आलीच.

१७ मे

पेट्या बसवल्या, क्र. १, २, ५. उतार बाहेरच्या बाजूला. यंत्राच्या पूर्ण खोलीत अडीच सूत, म्हणजे ८ मिमी. याहून कमी दिला तर यंत्राच्या तळाच्या तबकातलं पाणी खोलीत येतं. फार दिला तर सगळं पाणी मागच्या कोपऱ्यात साचतं, पंख्याची कडी ते कंडेन्सरवर शिंपडण्याऐवजी नुसती घुसळत बसते आणि खळखळ ऐकू येते.

भिंत आणि पेटी यांच्यामधली १३ मिमी फट पॉलिमर मिसळलेल्या मालाने भरली. फोम मारला नाही. फोम फुगून पेटीला पोट आणतो, आणि वाढलेला भाग कापला की कापलेल्या तोंडातून स्पंजसारखा पाणी पितो. बाहेरच्या कडेने १० बाय १० ची खोबण ठेवली आहे, तीत बॅकर रॉड (फोमची गोल दोरी) आणि त्यावर पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट. हे माल पूर्ण सुकल्यावरच.

२० मे

ब्रॅकेट. यंत्राच्या वजनाचा मध्य बाहेरच्या तोंडापासून १२८ मिमी बाहेर येतो, त्यामुळे वरच्या दोन बोल्टांवर मिळून ओढ फक्त २४ किलोची. हा हिशेब करून लोक साधे फास्टनर मारतात. पण सर्व्हिसला येणारा माणूस ८० किलोचा असतो आणि तो यंत्राच्या टोकावर गुडघा टेकणारच. मग तीच ओढ १३० किलोवर जाते, तीही झटक्याने. विटेत फुगणारा फास्टनर जास्त आवळला तर वीटच फुटते. वरचे बोल्ट म्हणून आरपार एम १० रॉड, आतून ७५ बाय ७५ बाय ६ ची प्लेट, प्लास्टरखाली. खालचे बोल्ट दाबातच असतात, तिथे केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायनाने चिकटवलेला बोल्ट, पुरे. भोक फुंकून, ब्रश मारून, परत फुंकून. धूळ राहिली तर रसायन धुळीला चिकटतं, भिंतीला नाही.

हल्लीच्या हलक्या ब्लॉकच्या भिंतीत असा फुगणारा फास्टनर चालत नाही. तिथे सगळेच बोल्ट आरपार.

२१ मे

काल संध्याकाळपासून वळवाचा पाऊस. माल ओला, सीलंट थांबवलं. क्र. ३ आणि ४ च्या पेट्या दुरुस्त होऊन आल्या, दुपारी बसवल्या.

२३ मे

उघडीप मिळाली. क्र. १, २ ला सीलंट मारून यंत्रं चढवली. खाली १० मिमीचे रबरी पॅड, चारही बाजूंना यंत्र आणि पेटी यांच्यात बंद छिद्रांचा फोमचा पट्टा. वरून नळीने दहा मिनिटं पाणी मारलं, आत थेंब नाही.

२६ मे

हवामान खात्याने आज मोसमी पाऊस मुंबईत पोहोचल्याचं जाहीर केलं. नेहमीची तारीख ११ जून, म्हणजे सोळा दिवस आधी. आमचं वेळापत्रक ३१ मेला संपत होतं. तीन भोकं उघडी आहेत. बाहेरून ताडपत्री, कडेने लाकडी पट्ट्या ठोकून, वरची कड दुमडून. नुसत्या दोरीने बांधलेली ताडपत्री पश्चिमेच्या वाऱ्यात तासभर टिकत नाही. आतून प्लायचा तुकडा.

२८ मे

क्र. २ गळतं. खोलीच्या बाजूने, यंत्राच्या खालून, भिंतीवर ओघळ. क्र. १ कोरडं. दोन्ही एकाच दिवशी, त्याच माणसांनी बसवलेली.

यंत्र बंद ठेवलं तरी गळत होतं, म्हणजे तबकातलं पाणी नाही, पावसाचं. यंत्र अर्धं बाहेर ओढलं तेव्हा उलगडलं. क्र. २ ला बाहेरच्या बाजूने यंत्र आणि पेटी यांच्यातली खालची फटही सीलंटने बंद केलेली होती, अगदी सुबक, बोट फिरवून. वाऱ्याने मारलेलं पाणी वरच्या फोमच्या पट्ट्यातून थोडं शिरतंच. ते बाजूंनी पेटीच्या तळाशी उतरतं आणि खालच्या फटीतून बाहेर जायला हवं. ती वाट बुजवली. पेटीची खोली २८०, तेवढ्यात उतार फक्त तीन मिमी. म्हणजे तळाशी तीन मिमी पाणी साचलं की ते आतल्या कडेवरून खोलीत उतरतं. सीलंट कमी पडल्यामुळे नव्हे, जास्त झाल्यामुळे गळलं.

इलाज: खाली दोन जागी ४० मिमीच्या वाटा कापून मोकळ्या केल्या, त्यांना बारीक जाळी. शिवाय पाचही पेट्यांच्या आतल्या कडेला ८ मिमी उंच ॲल्युमिनियमची अँगलपट्टी चिकटवायची, यंत्र १० मिमीच्या पॅडवर असल्याने ती खालून जाते. हा उंबरठा पेटी बनवतानाच वळवून घ्यायला हवा होता.

नळीची परीक्षाही फसवी होती. आम्ही वरून सरळ पाणी मारलं. इथला पाऊस पश्चिमेकडून आडवा येतो. यापुढे नळी खालून ४५ अंशांत वर धरून, प्रत्येक बाजूला दहा मिनिटं.

३ जून

तीन दिवस कोरडे. क्र. ३, ४, ५ च्या खोबणी ब्लोअरने सुकवल्या, टिश्यूचा कागद दाबून ओल पाहिली. हायब्रिड सीलंट ओलसर पृष्ठभागावर पीयूपेक्षा जरा बरं धरतं, म्हणून या तिघांना तेच. भिंतीतून पाणी झिरपत असेल तर मात्र कुठलंच धरत नाही.

६ जून

तिन्ही यंत्रं चढली. क्र. ५ च्या खाचेच्या तळाला १:२० उतार आणि कडप्प्याची फरशी, पुढे एक इंच बाहेर, खाली पाणी तुटायला खोबण.

कबुतरांसाठी यंत्राखाली जाळी, बाजूंना नाही. लोक अख्ख्या यंत्राला बारीक जाळीचा पिंजरा करतात, वर्षभरात ती पिसं आणि धुळीने भरते, आणि आपण १५ एप्रिलच्या नोंदीतल्या त्याच दुखण्यावर परत येतो.

७ जून

स्प्लिट बसला. ६५ मिमीचं कोअर (मशीनने पाडलेलं गोल भोक), बाहेर उतरतं. बाकी नेहमीचं.

९ जून

पाणी काढण्याची सोय. दीड टन म्हणजे ५.२७ किलोवॉट. दमट हवेत त्यातला तीस टक्के भाग निव्वळ बाष्पाचं पाणी करण्यात जातो असं धरलं तर तासाला २.३ लिटर पाणी निघतं. पाच यंत्रांचे तासाला साडेअकरा, अभ्यासिका बारा तास चालली तर १४० लिटरच्या आसपास. खाली फुटपाथ आहे, थेंब सोडून चालणार नाही. प्रत्येक तबकातून २० मिमीची नळी, ४० मिमीच्या समाईक पाइपात, तो खाली झाडांच्या टाकीला. टाकीवर घट्ट झाकण आणि जाळी. साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या सापडल्या की महापालिकेच्या कीटकनाशक विभागाची नोटीस येते.

चाचणी: करंट ७.१ ते ७.६ अँपिअर. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेत ९ ते ११ अंशांचा फरक, क्र. ५ सकट. म्हणजे खाच पुरेशी आहे. उदबत्ती पेटवून पेटीच्या चारही कडांनी फिरवली, क्र. ३ च्या वरच्या डाव्या कोपऱ्यात धूर वळला, फोमचा पट्टा तिथे तोकडा होता. बदलला.

१७ जून

दोन दिवस जोराचा पाऊस. पाचही कोरडी. क्र. ४ ला गुणगुण, ब्रॅकेट आणि यंत्र यांच्यात एका पॅडची जागा सुटली होती.

५ जुलै

नळ्या तपासल्या. क्र. १ च्या तोंडाशी शेवाळाचा बुळबुळीत गोळा, महिन्याभरात. नळी उलट फुंकून साफ. पावसाळ्यात दर महिन्याला हे करायचं, फिल्टर दर पंधरा दिवसांनी. आरपार रॉडचे नट परत आवळले, क्र. ५ चे पाव फेरा फिरले, बाकीचे हलले नाहीत. क्र. ५ चे ऑक्टोबरमध्ये पुन्हा बघायचे. बेस्टचं वाढीव भाराचं पत्र आलं, बोर्डाच्या आतल्या खिशात ठेवलं आहे. परांची उद्या उतरते.